अठरा विहिरी आणि सुविधा गावस

पहिल्याच प्रॅक्टिकलला आमच्या वर्गातल्या सुविधा गावस यांनी पिपेट तोंडात धरून ॲसिड ओढलं आणि आम्ही हातातलं काम सोडून बघायला लागलो. पिपेटला रबरी फुगा लावायचा, तोंड लावायचं नाही, हे आम्हाला बारावीपासून घोकून घोकून शिकवलेलं. बाईंनी मात्र शहाळं प्यावं तसं ओढलं, वरचं टोक बोटाने दाबलं, खुणेवर आणलं आणि फ्लास्कमध्ये सोडूनही झालं.

"मिसेस गावस," दत्तप्रसाद सर म्हणाले, "ही खाण नाही. इथे नियम आहेत."

"खाणीतपण होते," त्या म्हणाल्या. "सतरा वर्षांत एकदाही गिळलं नाही."

मागच्या बाकावर स्वप्नील हसला. सर हसले नाहीत. त्यांनी बाईंच्या हातून पिपेट काढून घेतला आणि त्या दिवसाचे मार्क शून्य लावले. वर्गातल्या बावीस जणांत त्या दिवशी सगळ्यात अचूक आकडा त्यांचाच आला होता, पण वहीवर सही झाली नाही.

मी तेजस्विनी, पेडणे तालुक्यातल्या चोपडे गावची. पर्यावरणशास्त्राच्या एमएस्सीला आले तेव्हा एकवीस वर्षांची होते. सुविधाताई एक्केचाळीसच्या. त्या डिचोलीकडच्या सुर्ल्याहून दोन बस बदलून यायच्या, पहिल्या बाकावर बसायच्या, डबा एकट्याच खायच्या आणि कोणी 'काकी' म्हटलं तर ओ द्यायच्या नाहीत. आम्हाला त्या आवडत नव्हत्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना मी स्वतःला बाहेर काढू शकत नाही.

आम्हा सगळ्यांना खाण म्हणजे काय ते ठाऊक होतं, म्हणजे आम्हाला तसं वाटत होतं. डोंगर कापले, शेतात गाळ आला, नद्या लाल झाल्या. दत्तप्रसाद सरांनी पीएचडी त्याच गाळावर केलेली. सर पस्तिशीचे, बाईंपेक्षा लहान. आणि बाई बीएस्सी झाल्या झाल्या सुर्ल्याजवळच्या एका खाण कंपनीच्या लॅबमध्ये लागलेल्या. खनिज वाळवायचं, दळायचं, ॲसिडमध्ये विरघळवायचं आणि त्यात लोखंड किती ते काढायचं, दिवसाला चाळीस नमुने. दोन हजार अठरा साली कोर्टाच्या आदेशाने खाणी बंद झाल्या आणि लॅबला कुलूप लागलं. नवरा शिवदास खाणीत मोठं मशीन चालवायचा, तोही घरी बसला. मग तो सांखळीच्या एका शाळेची बस चालवू लागला आणि ताई साड्यांच्या दुकानात उभ्या राहिल्या. चार वर्षं त्यांनी साड्यांच्या घड्या घातल्या. एका औषध कंपनीच्या मुलाखतीला गेल्या तेव्हा समोरच्या मुलीने विचारलं, "एमएस्सी नाही?" त्या महिन्यात त्यांनी विद्यापीठाचा अर्ज भरला.

म्हणजे सरांच्या नजरेत त्या कंपनीच्या बाई होत्या आणि त्यांच्या नजरेत सर म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देणाऱ्यांतले एक. दोघांनीही ते कधी लपवलं नाही.

सप्टेंबरात सर धुळीवर शिकवत होते. पडद्यावर फोटो आला. रस्त्याकडेचं एक घर, कौलांपासून पायरीपर्यंत तांबडं, अंगणात दोरीवर कपडे.

"ते घर माझं," सुविधाताई म्हणाल्या.

सर पडद्याकडे वळले.

"त्या दोरीवरची जांभळी साडी माझी. तुम्ही विचारून फोटो काढला नाही."

"रस्त्यावरून काढलाय. रस्ता सार्वजनिक आहे."

"रस्ता सार्वजनिक. साडी नाही."

वर्गात हशा फुटला. सरांचे कान लाल झाले. "तुमच्या कंपनीने त्या रस्त्याचं काय केलं ते सांगा," ते म्हणाले. "धुळीवर पाणी मारायची अट होती."

"मारायचे. दिवसातून दोनदा. कागदावर सहा वेळा."

आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या वाक्यात केवढं काय होतं. पण आम्ही साडीवरच हसत होतो. त्या संध्याकाळी मी व्हॉट्सॲपवर त्यांना वगळून वर्गाचा वेगळा ग्रुप काढला आणि त्यांना नाव दिलं 'टिप्पर मावशी'. टिप्पर म्हणजे खनिज वाहणारा ट्रक. नाव सगळ्यांना आवडलं. स्वप्नील तर त्या वर्गात शिरल्या की हळूच हॉर्नचा आवाज काढायचा.

दोन महिन्यांनी कॅन्टीनमध्ये माझा फोन टेबलावर उलटा ठेवायचा राहून गेला. बाकीची सगळी टेबलं भरलेली, म्हणून ताई समोर येऊन बसल्या होत्या. स्क्रीन उजळली आणि त्यांनी वाचलं. मी फोन ओढून घेतला. त्यांनी भाजीपावाचा तुकडा तोडला.

"टिप्पर मी कधी चालवला नाही," त्या म्हणाल्या. "लॅबमध्ये होते. नाव ठेवायचं तर नीट ठेवा."

मी माफी मागितली नाही. त्यांनीही वाट पाहिली नाही, पाव संपवून उठल्या.

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी जोड्या पाडायच्या होत्या. जोड्या आम्हीच ठरवल्या, आणि शेवटी उरल्या त्या. त्या आठवड्यात मी तापाने घरी होते, म्हणून मीही उरले. सरांनी विषय दिला, खाणीखालच्या गावांतल्या विहिरींचं पाणी.

"सुर्ला घेऊ," ताई म्हणाल्या.

मला आश्चर्य वाटलं. "तुमचंच गाव? तुम्हाला चालेल?"

"मला दुसऱ्या गावात कोण विहिरीला हात लावू देणार? आणि पुण्य कमवायला मी आले नाही. नोकरीला एमएस्सी लागते, एमएस्सीला प्रबंध लागतो."

जानेवारीत आम्ही नमुने घ्यायला लागलो. अठरा विहिरी निवडल्या होत्या, काही खाणीच्या उतारावर, काही लांब वरच्या अंगाला. ताईंबरोबर काम करणं म्हणजे शिक्षा होती. बाटली तीनदा विसळायची, चौथ्यांदा भरायची. मी एकदा दोनदाच विसळली, त्यांनी भरलेली बाटली माझ्यासमोर ओतून टाकली. "चोपड्यात नदी दारात, म्हणून तुला पाणी फुकट वाटतं," म्हणाल्या. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत पुन्हा विसळत होते.

गावात तर आमच्याकडे कोणी सरळ बघत नव्हतं. खाणी पुन्हा सुरू होणार अशी तेव्हा हवा होती. जे टिप्पर सहा वर्षं माडांखाली गंजत पडलेले, त्यांची चाकं बदलणं चालू होतं. अशात दोन बायका बाटल्या घेऊन विहिरी धुंडाळतात म्हटल्यावर लोक समजायचं ते समजले. एका घरी म्हातारीने रहाटाचा दोर काढून आत नेला. दुसऱ्या घरी कुत्रा सोडला.

सगळ्यात जास्त बोलला तो त्यांचा दीर, सुदेश. त्याचं घर ताईंच्या घराच्या वर, चढावर, आणि घरामागे सासऱ्यांच्या वेळची विहीर. सुदेशचे आजोबा दोडामार्गाहून खाणीच्या कामाला आले ते इथलेच झाले, पण घरात बोली अजून तीच. त्या सकाळी सात विहिरींच्या सात बाटल्या भरून आम्ही त्याच्या अंगणात ठेवल्या होत्या. तो टिप्परखालून उठून आला, हात ग्रीसने काळे.

"वैनी, आता खंय खाण सुरू होतली म्हणतत, आणि तू बाटले घेऊन फिरतंस? परत बंद पाडूक?"

"परीक्षेसाठी व्हये."

"परीक्षा? तुझ्या वयाक? त्या मास्तरान धाडल्यान तुका. माका म्हायत आसा."

त्याने पहिली बाटली उचलली, झाकण काढलं आणि गटारात ओतली. मग दुसरी. ताई जागच्या हलल्या नाहीत. मी पुढे झाले तर त्यांनी माझा दंड धरला. सातही बाटल्या रिकाम्या झाल्या.

"तेच्यात नमुनो टिकाक ॲसिड घातलेला आसा," ताई म्हणाल्या. "हात धुव साबणान. डोळ्यांक लावू नको."

सुदेशची बायको सुमंगला दारात उभी होती, मागे तिची मुलगी भाग्यलक्ष्मी, तेरा वर्षांची. सुमंगलाने साबण आणून दिला. जावेकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. खाली घरात शिवदासदादा आम्हाला चहा देताना एवढंच म्हणाले, "सोड गो तां." पुढच्या रविवारी सुदेश देवळात गेलेला बघून आम्ही सातही नमुने पुन्हा घेतले.

निकाल मार्चमध्ये आले. अठरापैकी पंधरा विहिरी चांगल्या होत्या. खाणीच्या उतारावरच्या तीन विहिरींत मँगनीज जास्त होतं, मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट, आणि त्या तिनांत सुदेशची विहीर होती. मँगनीज पाण्यात दिसत नाही, चवीलाही पटकन लागत नाही. त्याने माणूस मरत नाही. पण वर्षानुवर्षं प्यायलं तर मेंदूला त्रास होतो, लहान मुलांना अधिक, असं पुस्तकात आहे.

सरांनी तक्ता पाहिला आणि पेन टेकवला. "हे वरच्या अंगाचे नमुने मुख्य तक्त्यात कशाला? तिथे खाणीचं पाणी पोचतच नाही. ते परिशिष्टात टाका. इथे उताराच्या सात विहिरी ठेवा. सातात तीन. मग वाचणाऱ्याला कळेल."

मला ते पटलं. खोटं काहीच लिहायचं नव्हतं, फक्त जागा बदलायची होती.

"नाही," ताई म्हणाल्या.

"मिसेस गावस, तुम्ही अजून कंपनीचं काम करताय का?"

"अठरा काढले तर अठरा दाखवायचे. एका जागी."

सरांनी फाईल मिटली. "अंतर्गत मार्क माझ्याकडे आहेत, हे लक्षात ठेवा."

बाहेर येऊन मी भडकले. दोन वर्षं सरांशी वैर त्यांचं, आणि मार्क माझेही जाणार. "एवढंसं तर होतं," मी म्हटलं. "एवढ्याशासाठी सगळं घालवलंत."

त्या बसस्टॉपच्या कट्ट्यावर बसल्या. मला बस म्हणाल्या नाहीत, मी उभीच राहिले.

"एवढंसं म्हणून एकदा केलंय," त्या म्हणाल्या. "दोन हजार नऊ साली गावाने पाण्याची तक्रार केली. कंपनीने आमच्याच लॅबमध्ये तपासायला घेतलं. एका विहिरीत मँगनीज पॉइंट आठ आलं, मर्यादा पॉइंट तीनची. इन-चार्ज म्हणाले, गावस, पॉइंटच्या पुढे एक शून्य राहिलंय बघ. मी बघितलं. राहिलं नव्हतं. मी लिहिलं. पॉइंट शून्य आठ. सही माझी. पंचायतीला कागद गेला, पाणी चांगलं आहे म्हणून."

"कोणाची विहीर?"

"तेव्हा आमची. आता सुदेशची."

मला पुढचा प्रश्न विचारायचा नव्हता, पण विचारला. "मग तुम्ही काय पीत होता?"

"त्या आठवड्यात नळ घेतला मी. विहीर लांब पडते म्हटलं सगळ्यांना. पुढच्या वर्षी सुदेशचं लग्न झालं, त्याने वर घर बांधलं. तिथे नळाला जोर नाही, ते विहिरीचंच पितात."

"सांगितलं का नाहीत त्यांना?"

"सुदेश गप्प बसणारा नाही. माझी नोकरी गेली असती. शिवदासची पण." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दया दाखवू नकोस. मी तुझ्याकडे मागितलेली नाही."

मला दया आलीच नव्हती. मला किळस आली होती, आणि ती त्यांना दिसत होती. त्यांची बस आली, त्या चढून गेल्या. आठ दिवस आम्ही फक्त कामापुरतं बोललो.

प्रबंध आम्ही अठराच विहिरींचा दिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी कामाचं कौतुक केलं, सर खिडकीबाहेर बघत बसले. अंतर्गत मार्क इतके कमी आले की दोघींची श्रेणी बी झाली. माझी त्याआधी सगळीकडे ए होती.

मला वाटलं, संपलं. पण जूनच्या सुरुवातीला त्यांचा फोन आला. "रविवारी ग्रामसभा आहे. तीन विहिरींचं वाचणार आहे. आकडे तूही काढलेस, यायचं तर ये." मी गेले. का गेले ते मला अजून नीट सांगता येत नाही. कदाचित त्या खरंच सगळं सांगतात की अर्धंच, ते मला बघायचं होतं.

पंचायतीच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं होती. ताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी तीन घरांची नावं वाचली. लगेच आरडाओरडा सुरू झाला. खाण बंद पाडायला कोणी पाठवलं, किती मिळाले, असं सगळं. एकाने खुर्ची आपटली. त्या थांबल्या नाहीत. बाकीच्या पंधरा विहिरी चांगल्या आहेत हेही त्यांनी वाचलं, पण ते कोणी ऐकलं नाही.

"दोन हजार नवाक कंपनीन तपासल्यान तेवा चांगला होता," सुदेश ओरडला. "कागद आसा पंचायतीत."

"तो कागद मी लिवलंय," ताई म्हणाल्या. "तो खोटो आसा. आकडो मी बदललंय."

बायकांच्या रांगेतून सुमंगला उठली.

"पंधरा वर्सा तुका म्हायत होता?"

"होता."

"म्हणान तू नळाचा पितंस."

"होय."

सुमंगलाचा आवाज चढला नाही. "माझ्या भाग्यलक्ष्मीच्या शाळेतला कायच लक्षात रवना नाय. मास्तरीण म्हणता पोर मंद आसा. तां ह्या पाण्यान?"

मला वाटलं, आता तरी त्या नाही म्हणतील. नाही म्हणणं सोपं होतं, आणि कदाचित खरंही असेल.

"म्हायत नाय," ताई म्हणाल्या. "आसात, नसात. ह्या पाण्यातसून कळना नाय. डॉक्टराक दाखव."

सुमंगला पुढे आली आणि सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडात मारली. एकदाच. कोणी आडवं आलं नाही, शिवदासदादाही नाही. ताईंचा चष्मा माझ्या पायापाशी पडला. मी उचलून दिला. त्यांनी तो पुसला, लावला आणि कागद सरपंचांच्या टेबलावर ठेवून बाहेर गेल्या.

मी मागोमाग गेले. "ताई," मी म्हटलं.

"तुला साडेबाराची बस आहे," त्या म्हणाल्या. "चुकवू नको."

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. औषध कंपनीने त्यांना पुन्हा नाकारलं, आता कारण वयाचं. पलीकडच्या एका खाणीला लॅबसाठी माणूस हवा होता, तिथे त्या मुलाखतीला गेल्या तर समोरच्याने नाव वाचूनच फाईल परत केली. ग्रामसभेची गोष्ट पोचली होती. शेवटी म्हापशाला पाणी तपासणाऱ्या एका खासगी लॅबमध्ये त्या लागल्या. तिथे त्यांच्यावर पंचवीस वर्षांचा साहेब आहे आणि त्याच्याशीही त्यांचं पटत नाही, असं ऐकते. दत्तप्रसाद सर अजून दर वर्षी तो घराचा फोटो दाखवतात. मागच्या वर्षी आमच्या गावची एक मुलगी त्यांच्या वर्गात होती, तिने सांगितलं.

मी पीएचडीला लागले आणि त्याच विहिरींचे नमुने दर सहा महिन्यांनी घेते. आता मला कोणी अडवत नाही. सुदेशचा टिप्पर धावतो, तो घरी नसतो. गेल्या डिसेंबरात गेले तेव्हा त्याच्या विहिरीवर पत्रा घातलेला होता आणि पत्र्यावर दगड. नमुना घ्यायला मी शिवदासदादांना मदतीला बोलावलं. पत्रा सरकवता सरकवता त्यांनी सांगितलं, सुविधा सकाळी सातच्या बसने गेली की सुमंगला दोन कळश्या घेऊन खाली येते, मागच्या दाराच्या आतल्या नळावर भरते आणि जाते. पावसाळ्यापासून रोज. भाग्यलक्ष्मीला सांखळीला डॉक्टरकडे नेतात, तो काही नक्की सांगत नाही.

"ताईंना माहीत आहे?" मी विचारलं.

"ती मागचा दार उघडा ठेवन जाता," दादा म्हणाले. "पण दोघी बोलनत नाय. रस्त्यार गावल्यो तर एक हयसून जाता, एक थयसून."

मी बाटली तीनदा विसळली आणि भरली.